जहाजावरचा स्विमिंग पूल आणि डायपरमधलं लेकरू: पूल डेकवरून लिहितोय

सात कॉन्ट्रॅक्ट मी क्रूझ जहाजांच्या पूल डेकवर, म्हणजे स्विमिंग पूल असलेल्या मजल्यावर, काढली. टॉवेल मोजायचे, आरामखुर्च्या सरळ करायच्या, पाण्यातलं क्लोरीन तपासून वहीत लिहायचं आणि या सगळ्यात दिवसातून दहा-बारा वेळा एकच वाक्य बोलायचं: "माफ करा, डायपरमधल्या बाळाला या पूलमध्ये नेता येणार नाही." त्यावरचं उत्तरही ठरलेलं: "अहो, पण हा स्विम डायपर आहे, पाण्यात घालायचा!"

जहाज सोडून आता बरीच वर्षं झाली. तरी ओळखीतलं कुणी पोराबाळांसकट क्रूझला निघालं की फोन येतो आणि तेच सगळं पुन्हा सांगावं लागतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. पूलच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने लिहितोय, हे आधीच कबूल करतो.

तिकीट काढण्याआधी

"लहान मुलांसाठी पाण्यात खेळायची खास सोय" हे जाहिरातीतलं वाक्य वाचून खूश होऊ नका. लहान म्हणजे किती लहान, हे त्यात नसतं. कंपनीला थेट विचारा, आणि लेखी विचारा: ज्याचा डायपर अजून सुटलेला नाही अशा मुलासाठी या जहाजावर पाण्याची वेगळी जागा आहे का? 'या जहाजावर' हे शब्द महत्त्वाचे, कारण एकाच कंपनीच्या एका जहाजावर अशी जागा असते आणि दुसऱ्यावर नसते. जागा असेल तर ती कुठल्या डेकवर आहे आणि मोठ्या भावंडाला तिथे बरोबर येता येतं का, हेही विचारून घ्या. नाहीतर आई एका डेकवर, बाबा दुसऱ्या डेकवर, अशी सुट्टी होते.

हा नियम कंपनीची लहर नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा 'व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम' १९७५ पासून चालू आहे. परदेशातून अमेरिकी बंदरात येणारी, १३ किंवा जास्त प्रवासी नेणारी जहाजं त्याच्या कक्षेत येतात. डायपरमधल्या किंवा शी-शूची सवय न लागलेल्या मुलांना फक्त त्यांच्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जागेतच सोडायचं, हे त्यांच्या नियमांत आहे. माझ्या एका जहाजावर अशी जागा होती. घोट्याएवढं पाणी, तिचा फिल्टर वेगळा, क्लोरीन सोडायचा पंप वेगळा. ती बांधायला किती खटाटोप लागतो हे बघितल्यावर बाकीच्या जहाजांवर ती का नव्हती ते कळलं.

या प्रोग्रामचे निरीक्षक न सांगता येतात. १०० पैकी गुण देतात, ८६ किंवा त्याहून जास्त मिळाले तर जहाज पास. अहवाल कुणालाही वाचता येतात. माझा सल्ला: गुणांकडे फार बघू नका, पूल आणि हॉट टब (गरम पाण्याचं, बुडबुड्यांचं टाकं) यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ९६ गुण मिळालेल्या जहाजाच्या अहवालातही "मुलांच्या पूलमध्ये क्लोरीन कमी आढळलं" अशी ओळ असू शकते, आणि तुमच्या कामाची ओळ तीच.

अशी जागा नसेल तर जहाज बदला किंवा बाळासाठी पूल नाही हे मनाशी पक्कं करा. बाथटब असलेली केबिन मिळते का बघा. आणि कृपा करून महिनाभर आधीपासून पोराच्या कानात "आपण बोटीवर जाणार, पूलमध्ये डुंबणार" असं भरवू नका. मग डेकवर ते जे रडतं, ते आम्हाला ऐकावं लागतं.

स्विम डायपर नेमका काय करतो

पाण्यात तो साध्या डायपरसारखा फुगून लोंबत नाही, एवढंच त्याचं मुख्य वैशिष्ट्य. घट्ट शी झाली तर ती बऱ्यापैकी अडकते. पातळ झाली तर थोडा वेळ थोपवली जाते आणि मग कडेने गळायला लागते. शू तर सरळ पाण्यात. म्हणजे हा डायपर तुम्हाला काही मिनिटं देतो, त्याहून जास्त काही नाही.

"पण पाण्यात क्लोरीन असतंच की!" असतं. ते काय करतं आणि किती वेळात करतं, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पूलवरच्या माणसाशी वाद घालायची इच्छाच राहणार नाही. पाण्यात १ पीपीएम मोकळं क्लोरीन (म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं) आहे, पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क ते सांगणारा आकडा) ७.५ आहे आणि पाणी २५ अंश सेल्सिअस आहे असं धरू. पीपीएम म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक भाग. अशा पाण्यात जुलाब करणारा ई. कोलाय हा जंतू मिनिटाच्या आत मरतो. हिपॅटायटिस ए च्या विषाणूला साधारण १६ मिनिटं लागतात, जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीला ४५. आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, त्याला १५,३०० मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवसांहून जास्त. त्याच्याभोवती जाड कवच असतं, क्लोरीन त्यातून आत शिरतच नाही म्हणा ना. तेवढ्या दिवसांत सात रात्रींची क्रूझ संपून नवे प्रवासी चढलेले असतात.

शिवाय जहाजावरचा पूल म्हणजे तलाव नव्हे. फोटोत मोठा दिसतो. प्रत्यक्षात पाणी थोडं आणि त्यात माणसं मावतील तेवढी. तेच पाणी फिल्टरमधून फिरून फिरून येतं. एका बाळाच्या पोटातलं काही त्यात उतरलं तर ते पुढच्या पोराच्या तोंडापर्यंत जायला वेळ लागत नाही, कारण लहान मुलं पोहताना पाणी गिळतातच.

आता आजींची गोष्ट. समुद्रातला दिवस, म्हणजे जहाज कुठल्याच बंदराला लागलेलं नाही, सगळी दुनिया पूलवर. एक आजी दीड वर्षाच्या नातवाला काखेत घेऊन पायऱ्यांपाशी आल्या. मी इंग्रजीत माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"अरे, तू मराठी? मग आधी नाही का सांगायचंस! सोड की रे, पाचच मिनिटं. पाय बुडवतो नुसते."

"आजी, मराठी असलो तरी पूल तोच आहे हो."

"इतकी माणसं आहेत त्यात. एवढ्याशा जिवाने काय होणारे?"

"माणसं आहेत म्हणूनच. त्यात बारकी पोरं किती आहेत बघा. तीच पाणी पितात."

आजी गप्प झाल्या, पण हलल्या नाहीत. नातू पाण्याकडे झेपावत होता. मी टॉवेलच्या कपाटातून मुलांची एक विसरलेली प्लॅस्टिकची बादली काढली आणि त्यांना डेकवरच्या शॉवरपाशी नेलं. त्या शॉवरचं पाणी थेट गटारात जातं, पूलशी त्याचा संबंध नाही. पोराने बादली भरायची नि स्वतःच्या डोक्यावर ओतायची, भरायची नि ओतायची, असं अर्धा तास केलं. पूलची आठवणही काढली नाही. त्या वयात पाणी हवं असतं, पूल आपल्याला हवा असतो.

तेव्हापासून मी "नाही" म्हणताना हातात काहीतरी ठेवायला लागलो: बादली, पेला, ओला स्पंज. तुम्हीही ते घरूनच घेऊन जा.

निघण्याआधीचे दोन आठवडे

घरात कुणालाही, विशेषतः पोराला, जुलाब झाले असतील तर दिवस मोजायला लागा. क्रिप्टोस्पोरिडियमची लागण असेल तर जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे तो शीतून बाहेर पडू शकतो. डॉक्टरने तपासणी करून तसं सांगितलं तर दोन आठवडे पूल बंद, यात चर्चा नाही. आता खरी गोष्ट अशी की मुलाच्या जुलाबाची तपासणी कुणी करत नाही. दोन दिवसांत बरं वाटलं की विषय संपतो. कारण माहीत नसेल तर मी दोन आठवडेच धरतो. जास्त सावध वाटेल, पण पूल सोडून जहाजावर करण्यासारखं पुष्कळ असतं.

पूलच्या दिवसाची घडी

खाल्ल्यावर लहान मुलांना शी लागते, हे प्रत्येक आईला ठाऊक असतं आणि सुट्टीवर गेल्यावर प्रत्येक आई ते विसरते. नाश्ता केला आणि थेट पूलवर, हा सगळ्यात वाईट क्रम. मी दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला मनातल्या मनात 'धोक्याचा तास' म्हणायचो. नाश्ता झाल्यावर केबिनमध्ये परत जा, मुलाला निवांत टॉयलेटवर बसवा, तिथेच साबणाने आंघोळ घाला आणि बूड नीट धुवा. काठावरच्या शॉवरखाली नुसतं ओलं करणं म्हणजे आंघोळ नव्हे. पण काहीच न करण्यापेक्षा मिनिटभर तिथे उभं राहिलेलंही चालेल, अंगावरचा बराच मळ-घाम तेवढ्यात निघतो.

सवय लागलेलं मूल असेल तर दर तासाला पाण्याबाहेर काढा आणि टॉयलेटला न्या. "शी लागली का?" असं विचारू नका. खेळणाऱ्या पोराचं उत्तर कायम "नाही"च असतं. विचारायचं नाही, उचलून न्यायचं. बाळांच्या जागेत डायपरमधलं मूल असेल तर अर्ध्या-एक तासाने डायपर उघडून बघा. बदलायचा तो टॉयलेटमध्ये किंवा बदलायच्या टेबलावर, आरामखुर्चीवर नाही. मी आरामखुर्चीवर डायपर बदलताना जेवढे लोक पाहिले तेवढे सनस्क्रीन लावतानाही पाहिले नसतील. त्या खुर्चीवर अर्ध्या तासाने दुसरं कुणीतरी पालथं झोपणार असतं, गाल टेकून.

हात साबणाने धुवा. जहाजावर जागोजागी सॅनिटायझरच्या बाटल्या असतात, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर तर मुळीच नाही.

आणि पोराला एक गोष्ट शिकवा: पाणी तोंडात घेऊन कारंजं उडवायचं नाही. बाबालोकांनाही शिकवा, पोरं ते त्यांच्याकडूनच उचलतात.

पाणी बघायला शिका

पूलच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर उतरू नका. गढूळ पाण्यात बुडणारं मूलही दिसत नाही, हा दुसरा धोका आणि तो जास्त मोठा. सगळ्याच जहाजांवर जीवरक्षक असतात असं धरून चालू नका. मी टॉवेल देणारा माणूस होतो, मला जीवरक्षक समजून पोरांना सोडून जाणारे आईबाप मी पाहिलेत. लहान मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हात पोहोचेल इतक्या अंतरावर पाण्यातच असायचं.

क्लोरीनचा उग्र वास आला की लोक म्हणतात, "वा, पाणी स्वच्छ दिसतंय." उलटं आहे ते. घाम, शू आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. डोळे लाल होतात तेही त्यानेच. नीट राखलेल्या पूलला फारसा वास नसतो.

चाचणीच्या कागदी पट्ट्या बॅगेत ठेवा. पाण्यात बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची, संपलं. पूलमध्ये मोकळं क्लोरीन किमान १ पीपीएम, हॉट टबमध्ये किमान ३, आणि पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान हवा. पीएच वर गेला की तेवढंच क्लोरीन ढिलं पडतं. आकडा चुकीचा वाटला तर पूलवरच्या माणसाला पट्टी दाखवा. चांगला माणूस असेल तर रागावणार नाही, आपल्या यंत्रावर पुन्हा मोजून दाखवेल. एक बाई मला रोज सकाळी पट्टी दाखवायच्या. पहिल्या दिवशी वैताग आला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पट्टीमुळेच क्लोरीनच्या पंपाचा पाइप तुंबलेला सापडला. त्यानंतर मीच त्यांची वाट बघायला लागलो.

स्प्लॅश पॅड आणि हॉट टब

जमिनीतून पाणी उडतं ते स्प्लॅश पॅड लोकांना निर्धोक वाटतं, कारण तिथे बुडायची भीती नसते. पण पाणी हवेत उडालं की त्यातलं क्लोरीन लवकर कमी होतं, आणि पोरांना त्या फवाऱ्यावर बसायला भारी आवडतं. फवारा बूड धुऊन काढतो आणि तेच पाणी खाली जाऊन पुन्हा वर येतं. शेजारचं पोरगं तिथे तोंड उघडून उभं असतं. तुमचं मूल फवाऱ्यावर बसलं तर उठवा. डायपरचा नियम स्प्लॅश पॅडलाही लागू असू शकतो, पाटी वाचा.

हॉट टबबद्दल मी कडक आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला हॉट टबमध्ये अजिबात नाही, अगदी मांडीवरही नाही, "पाय बुडवून" सुद्धा नाही. पाणी ४० अंशांपर्यंत असतं आणि लहान शरीर फार पटकन तापतं. शिवाय गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातं, आणि लीजनेला या जंतूला कोमट-गरम पाणी फार मानवतं. १९९४ मध्ये एका क्रूझ जहाजावर लीजनेलाच्या न्यूमोनियाची साथ आली. नऊ सफरींमधले ५० प्रवासी आजारी पडले आणि मूळ निघालं हॉट टबमध्ये. त्यातली मला कायम लक्षात राहिलेली गोष्ट अशी की पाण्यात न उतरता नुसते टबजवळ बसलेल्यांनाही लागण झाली होती. वाफेबरोबर उडणाऱ्या बारीक थेंबांतून तो जंतू फुप्फुसात जातो. म्हणून बाबागाडी टबच्या शेजारी लावून आपण आत बसणंही नको.

तरी संध्याकाळी हॉट टब म्हणजे मुलांचा गरम पूल होतोच. आईबाप जेवणासाठी कपडे बदलायला गेलेले, आठ पोरं टबमध्ये उड्या मारतायत. तिथे मी शिट्टी वाजवत नसे. टबचा बुडबुड्यांचा पंप बंद करायचो. दोन मिनिटांत पोरं कंटाळून निघून जायची.

तुमच्याच मुलाकडून झालं तर

दोन प्रसंग सांगतो, दोन्ही कौटुंबिक पूलवरचे.

पहिल्यात चार-साडेचार वर्षांची मुलगी, डायपर कधीच सुटलेला. तिच्या आईने पाण्यातूनच हात वर केला, मी जवळ गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "माझ्या मुलीला झाली आहे. घट्ट आहे. तिथे, पायरीजवळ." मी शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं, रेडिओवर कळवलं, जाळीने ती उचलली. व्हॅक्यूम लावायचा नसतो, त्याने ती फुटून पसरते. मग क्लोरीन २ पीपीएमवर नेलं, पीएच ७.५ च्या वर जाऊ दिला नाही आणि घड्याळ लावून २५ मिनिटं थांबलो. जाळीही तेवढा वेळ त्याच पाण्यात बुडवून ठेवली, म्हणजे तीही शुद्ध होते. वहीत नोंद केली, पुन्हा मोजलं, पूल उघडला. पाटीवर फक्त "तात्पुरता बंद" लिहिलं. कुणाचं मूल, ते आम्ही कधीच सांगत नाही. दंड नाही, बोलणी नाहीत. ती मुलगी संध्याकाळी त्याच पूलमध्ये होती.

दुसऱ्यात एका बापाने आपल्या पोराला घाईघाईने उचललं आणि मागच्या जिन्याने निघून गेला. काही बोलला नाही. आम्हाला कळलं ते थोड्या वेळाने, एका मोठ्या मुलाने ओरडल्यावर. तोवर पाण्यात नुसते तुकडे दिसत होते. घट्ट होती का पातळ, कधी झाली, काहीच ठाऊक नाही. अशा वेळी वाईटात वाईट धरायचं, म्हणजे जुलाब. जुलाबाचा हिशोब वेगळा: २० पीपीएम क्लोरीन, पावणेतेरा तास. गुणाकार करून बघा, २० गुणिले ७६५ मिनिटं, बरोबर १५,३००. वर सांगितलेला क्रिप्टोस्पोरिडियमचाच आकडा तो. पूल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जाळी टाकून बंद. समुद्रातला दिवस होता, दोनशे पोरं त्या जाळीभोवती घिरट्या घालत होती. त्या बापाने तोंड उघडलं असतं आणि शी घट्ट असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं.

तर: आधी मुलांना बाहेर काढा, मग कर्मचाऱ्याला बोलवा, आणि घट्ट की पातळ हे नक्की सांगा. उलटी झाली तरी कळवा, तीही घट्ट शीसारखीच हाताळतात.

जहाजावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर दवाखान्यात सांगा. लोक सांगत नाहीत, कारण केबिनमध्ये बसवून ठेवतील ही भीती. बसवतातच. पण लपवून पूलवर आणलेलं मूल मी ओळखायचो: आई दर पाच मिनिटांनी त्याच्या कपाळाला हात लावत असते.

दुसऱ्याचं मूल डायपरमध्ये दिसलं तर

तुम्ही स्वतः त्या आईबापांना सांगायला जाऊ नका. नव्वद टक्के वेळा भांडण होतं आणि मूल पाण्यातच राहतं. आमच्याकडे या. "ते लोक बघा, काही समजत नाही त्यांना" असं नको. "छोट्या पूलमध्ये, निळी टोपी घातलेलं बाळ, डायपर दिसतोय" एवढं पुरे. फोटो काढू नका. दुसऱ्याच्या मुलाचा अर्ध्या कपड्यातला फोटो काढणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसेल. काठावर कुणी नसेल तर जवळच्या फोनवरून गेस्ट सर्व्हिसला कळवा: डेक, पूल, वेळ. दुसऱ्यांदाही तसंच दिसलं तर पर्यवेक्षकाशी बोलायचं आहे म्हणा.

आता आतली गोष्ट. पूलवरचा माणूस नियम का लावत नाही, असा तुम्हाला प्रश्न पडतो ना? सफर संपताना प्रवासी अभिप्राय भरतात. "पूलवरचा मुलगा उद्धट होता" ही एक ओळ आमच्या पुढच्या कॉन्ट्रॅक्टपर्यंत पाठ सोडत नाही. "पूलवरच्या मुलाने नियम नीट पाळायला लावले" असं मात्र फार क्वचित कुणी लिहितं. सात कॉन्ट्रॅक्टमध्ये माझ्याबद्दल असं दोनदा लिहिलं गेलं, आणि दोन्ही वेळा वरिष्ठांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. त्यानंतरच्या आठवड्यात अख्ख्या डेकवरची पोरं न घाबरता बोलत होती. तेव्हा कुणी नियम नीट लावताना दिसला तर त्याच्या पट्टीवरचं नाव बघा आणि अभिप्रायात लिहा. तक्रारीपेक्षा याने जास्त काम होतं.

आणि आम्हीही चुकतो. मी सुरुवातीला मूल पाण्यात उतरल्यावर सांगायचो. ओल्या, हसणाऱ्या लेकराला बाहेर काढायला लावणं म्हणजे त्या आईचा अपमानच, ती चिडणारच. एका जुन्या फिलिपिनो सहकाऱ्याने सांगितलं, काठावर उभा राहू नकोस, टॉवेलच्या टेबलापाशी उभा राहा. टॉवेल घेतानाच बाळ दिसतं. तिथे, सगळे कोरडे असताना, हसून सांगितलं की दहापैकी आठ जण ऐकतात. तुम्हीही टॉवेल घेतानाच विचारा की आमच्या बाळाला कुठल्या पाण्यात नेता येईल. तो माणूस तुमच्यावर खूश होऊन सगळी माहिती देईल.

वेळेचं शेवटचं. जहाज बंदराला लागतं त्या दिवशी सकाळी बहुतेक लोक खाली उतरतात आणि पूल जवळजवळ मोकळा असतो. लहान मूल असेल तर ती वेळ साधा. पाणी रात्रभर गाळलं गेलेलं असतं, गर्दी नसते, आणि पूलवरच्या माणसाला बोलायला सवड असते. सकाळी क्लोरीन किती आलं, ते त्याला विचारा. नीट काम करणारा असेल तर वहीत न बघता सांगेल.